दोन खुर्च्यांचे वकील

भाऊसाहेब उमरकर वकिलांच्या दमणीला, म्हणजे छोट्या बैलगाडीला, मागे दोन खुर्च्या बांधलेल्या असत. एक वेताची, एक लाकडी. स्वतःसाठी म्हणाल तर एकही नाही, ते उभेच! दोन्ही आमच्या तहसीलदारसाहेबांसाठी.

मी साहेबांचा रीडर, म्हणजे कोर्टातला कारकून. साहेबांनी निकाल द्यायचा आणि मी कागद शिवायचे. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि तहसीलदार हाच मॅजिस्ट्रेट. सकाळी सारा वसूल करायचा, दुपारी त्याच हाताने शिक्षा ठोकायची. साहेब दौऱ्यावर निघाले की कोर्टही तंबूत. आरोपी, साक्षीदार आणि वकील आपले मागे मागे, या गावाहून त्या गावाला. अमरावतीचे बाकीचे वकील वैतागत. भाऊसाहेबांना मात्र तंबू दिसला की स्फुरण चढे. वेताची खुर्ची तहसीलदाराची, लाकडी मॅजिस्ट्रेटची, असा त्यांचा नेम.

"साहेब, फौजदारी काम सुरू होऊन राहिलं. वेताच्या खुर्चीवरून उठा, लाकडीवर या."

"आणि नाही उठलो तर?"

"तर मॅजिस्ट्रेट अजून आलेच नाईत. थांबतो मी."

आणि खरंच पानाचा डबा उघडून थांबत! शेवटी साहेब दात-ओठ खात उठत. हसू दाबताना मला खोकला येई.

मला एकदा म्हणाले, "पाटलाले हुकूम देनारं अन् आरोपीले शिक्षा देनारं बूड एकच काहून, रीडरसाहेब?" मी मान खाली घालून कागद शिवत राहिलो.

घरीही तोच खाक्या. एकदा त्यांच्या आईने दुधात तोंड घातलेल्या मांजरावर काठी उगारली. भाऊसाहेब मध्ये! "पाहनारी तूच, फिर्यादी तूच, अन् काठीबी तुह्याच हाती? आधी पंच नेम!" पंच ठरेपर्यंत मांजराने उरलेलं दूधही संपवलं. वहिनी आम्हाला बिनदुधाचा चहा देताना हे सांगत होत्या.

पण नांदगाव खंडेश्वरच्या मुक्कामात जे झालं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सखाराम माळ्याकडे शिपायाने तंबूसाठी टोपलीभर वांगी फुकट मागितली. सखाराम म्हणाला, "बाजाराची वांगी हायेत, मालक. फुकट नाई जमत." साहेब स्वतः घोड्यावरून मळ्यात गेले. त्यांनाही त्याने तेच ऐकवलं. झालं! सरकारी कामात अडथळा. फिर्याद साहेबांच्या हुकुमाने, खटला साहेबांपुढे. सखारामची बायको दिवसांत होती, मोट हाकायला दुसरं कुणी नव्हतं. हा महिनाभर आत गेला असता तर मळा उभा वाळला असता.

सखारामचे वकील भाऊसाहेबच, पण त्या दिवशी त्यांनी खुर्च्या उतरवल्याच नाहीत. मला वाटलं, थकले बिचारे.

"बचावाचा साक्षीदार?" साहेबांनी विचारलं.

"एकच हाये. तहसीलदारसाहेब. त्यांले पुकारा करा."

"तहसीलदार मीच आहे!"

"मंग या इकडं, शपथ घ्या. पन शपथ देनार कोन? उलटतपासात खोटं बोलले तर पकडनार कोन?"

तंबूबाहेर आमराईत उभ्या असलेल्या गावकऱ्यांत कुणीतरी फसकन हसलं आणि अख्खी आमराई हसली! माझ्या टाकाचं निब मोडलं. साहेबांनी दोनदा घाम पुसला, कायद्याचं पुस्तक चाळलं, आणि खटला दुसऱ्या मॅजिस्ट्रेटकडे द्यावा असं वर लिहून पाठवलं.

खटला अमरावतीच्या मॅजिस्ट्रेटांकडे गेला आणि त्यांनी सखारामला निर्दोष सोडलं. कागद घेऊन मी गेलोच होतो. सरकारी नोकर असूनही उडी मारायचाच काय तो बाकी राहिलो!

बाहेर सखाराम पाया पडायला वाकला तसे भाऊसाहेब दोन पावलं मागे सरले. "पाया नको पडू. घरी जाय, मोट धर."

तो गेल्यावर ते लिंबाखाली बाकावर बसले. पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला. मला वाटलं, आनंदाच्या भरात विसरले.

"वकिलीच्या आधी मी अकोल्याकडं नायब तहसीलदार होतो," ते म्हणाले. "एका म्हातारीच्या पोरानं तंबूले दूध नाई देलं. मीच तक्रार केली, मीच पंधरा दिवस देले. पोरगा सुटून आला तवा म्हातारी गेली होती. घरात पानी द्याले कोनी नव्हतं."

"घरी ठाऊक आहे?"

"बायकोलेबी नाई."

मला फार वाईट वाटलं. तेव्हा सगळेच तसं करत, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"एवढ्या लोकांचं वकीलपत्र घेतलं, रीडरसाहेब. माह्यं कोन घेनार?"

माझ्याकडे ना सनद, ना कायद्याचं शिक्षण. मी हातातले कागद खाली ठेवले आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"मी घेतो," म्हणालो. "सांगा, काय झालं होतं त्या दिवशी?"

भाऊसाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि आधी त्या म्हातारीचं नाव सांगितलं.