पहिल्या रसाचा मान

"बोरगावच्या पावण्यांचं डोळं पांढरं न्हाय केलं, तर नाव नागोजी न्हाय सांगणार!"

निपाणीजवळच्या आपल्या गुऱ्हाळावर नागोजीनं मिशीला पीळ भरला. लेकीची, राजाबाईची, सोयरीक आज पक्की व्हायची होती. खास त्यासाठी त्यानं बेळगावातनं मळसूत्री पंप आणला होता. बैलांनी फिरवायचा! पोटात एकमेकांत गुंतलेले दोन मळसूत्री दांडे. ते फिरले की आट्यांत सापडलेला उसाचा रस पुढंच सरकायचा; मागं वळायचं नावच न्हाय!

पंप बसवणाऱ्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "तोंड बंद असताना फिरवू नका. रसाला वाट न्हाय मिळाली की दाब वाढतच जातोय."

"घोटभर रसाचा कसला आलाय दाब!" नागोजी खदखदून हसलता.

आता हंगामाचा पहिला रस काहिलीत सोडायचा मान पावण्याचा. म्हणून पंपाच्या नळीच्या तोंडात नारळ ठोकून वर खण बांधलेला. पावण्यानं नारळ काढला की रस कसा धो धो पडावा! म्हणून नागोजीनं गडी मष्णूला बैल आधीच हाकायला लावले.

"या, मारुतीराव!" नागोजीनं मुलाच्या बापाला पुढं केलं.

"छ्या छ्या! मान मामांचा."

"माझा कसला?" मुलाचे मामा, भावकूमामा, मागं सरकले. "तुमी थोरलं!"

"तुमी मामा!"

"तुमी बाप!"

तिकडं कापडी नळी गाभण म्हशीगत फुगली. पंप कण्हायला लागला.

"मालक, बैलं ओढंनात!" मष्णू ओरडला.

"आळशी झाल्यात. हाण!"

"आवो, थांबवा की!" अक्काताई नवऱ्याच्या कानाशी लागली.

"मानाआधी थांबवू? अपशकून व्हईल गं!" नागोजीच्या धोतराला घाम फुटला. देवा, कुणीतरी घ्या रं त्यो मान!

"बरं, एवढं म्हणताय तर..." भावकूमामांनी हात पुढं केला.

फाट्!

नारळ मामांच्या कानाजवळनं सुटला तो थेट मारुतीरावांच्या फेट्यावर! मागनं रसाची धार. मारुतीराव डोक्यापासनं जोड्यापर्यंत न्हाले. नागोजीनं डोळे मिटले. संपलं सगळं!

मारुतीरावांनी मिशी चाटली. "रस गोड हाय. पोरगी पसंत!"

नागोजीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात कोरडे ठणठणीत भावकूमामा गरजले, "म्हणजी मान शेवटी तुमचाच! आमच्यावर थेंब बी न्हाय? जुपा गाडी!"

मामा फिरला, तशी सोयरीक फिस्कटली. गाडी बोरगावच्या वाटेला लागली.

आणि मागनं दुसरा नारळ घेऊन नागोजी धावत होता, "मामा, थांबा वो! पंपाला बैलं जुपलेलीच हाईत! तुमास्नी बी एक मारतो!"