बँकेसमोरच्या दोनशे सायकली

आमच्या रस्ते खात्यात माझ्याइतका चोख मोजणारा माणूस नाही. खड्डे मोजावेत मी, दिव्याचे खांब मोजावेत मी, आणि बैठकीत साहेबांनी किती जांभया दिल्या तेही मीच सांगावं! त्यामुळे सरकारचं ‘रोज सायकल’ धोरण आलं तेव्हा मोजणी माझ्याच गळ्यात पडणार हे मी आधीच ओळखलं होतं.

धोरण फार थोर होतं. लोकांनी रोज सायकल चालवावी, हे त्यात चौसष्ट पानं खर्चून सांगितलं होतं. ते लिहिणाऱ्या समितीचे सातही सदस्य सात वेगवेगळ्या मोटारींतून बैठकीला यायचे. मुख्य नियम असा की, ज्या रस्त्यावरून दिवसाला दोनशे सायकली जातात तिथेच सायकलींसाठी वेगळी मार्गिका करायची. म्हणजे लोक पोहायला शिकले की मग तलावात पाणी सोडायचं.

माझी बायको शिक्षिका. रोज बँकेच्या रस्त्याने सायकलवर शाळेत जाते. मागच्या महिन्यात एका ट्रकने तिला अशी हूल दिली की ती सायकलसकट गटारात. कोपराला सात टाके पडले. तिला नुसता संताप आला होता.

“चौदा वर्षांत तुमच्या खात्याकडे मी काही मागितलं नाही,” ती म्हणाली. “एवढी एक मार्गिका आणा. नाहीतर पुढच्या वेळी टाके कुठे पडतील सांगता येत नाही.”

“आलीच समज,” मी म्हणालो. “मोजायला मी स्वतः बसतोय.”

सोमवारी सकाळी सातला बँकेसमोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकली, छत्री उघडली, वही काढली. अकरा वाजेपर्यंत नऊ सायकली झाल्या. त्यात दूधवाला दोनदा, बायको एकदा, आणि एक सायकल तर टेम्पोत घालून नेत होते, तीही मी धरली. जिथे चालायचं म्हटलं तरी जीव मुठीत धरावा लागतो, तिथे सायकल घेऊन कोण मरायला येणार? पण हे लिहायला वहीत रकाना नव्हता.

मी मेहुण्याला फोन लावला. तो तीन वर्षं नोकरी शोधतोय, म्हणजे घरीच असतो.

“सायकल घेऊन ये. बँकेवरून पुढे जायचं, वळणावरून परत यायचं.”

“किती वेळा, भावोजी?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

“एकाच माणसाला दोनशे वेळा मोजणार?”

“रकाना सायकलींचा आहे, माणसांचा नाही. कपडे तेवढे बदलत जा. उगाच खोटेपणा दिसायला नको.”

गडी कामाला लागला. आधी टोपी घालून, मग टोपी काढून, मग भर उन्हात रेनकोट घालून, मग तोंडाला ओढणी गुंडाळून. जाता-येता तो बँकेच्या दारावरच्या घड्याळाकडे आशेने बघायचा. तीन वाजता जीभ बाहेर आली होती. मी वहीतून मान वर न काढता “चल, चल” म्हणत होतो.

बँकेच्या वॉचमनने मात्र वेगळीच मोजणी चालवली होती. एक माणूस वेष पालटून दर दोन मिनिटांनी बँक न्याहाळतोय, आणि समोर त्याचा म्होरक्या सकाळपासून टिपणं काढतोय! त्याने पोलीस बोलावले.

साडेचार वाजता वहीत एकशे अठ्ठ्याण्णव झाले होते. पोलिसांची जीप बंद होती, म्हणून दोन हवालदार सायकलवर आले. एकशे नव्व्याण्णव. दोनशे! मी आकडा लिहिला आणि त्याच क्षणी माझी कॉलर धरली गेली.

“काय लिहितोस रे?”

“तुम्हालाच लिहितोय. सरकारी काम आहे.”

“सगळे तेच म्हणतात. आणि हा ओढणीवाला कोण?”

“मी दमलोय,” मेहुणा म्हणाला. “मला आत टाका, पण बसू द्या.”

शेवटी साहेब चौकीवर आले. त्यांनी वही पाहिली, “दोनशे? अरे वा,” म्हणाले आणि आम्हाला सोडवून नेलं. मेहुणा दोन दिवस जिना चढू शकला नाही. मी मात्र हवेत होतो. पंधरा दिवसांनी आदेश निघाला, तो मी पाकीट न फोडताच बायकोच्या हातात दिला. मेहुणा शेजारीच बसला होता. ती मोठ्याने वाचू लागली.

“सदर रस्त्यावर मार्गिका नसतानाही दिवसाला दोनशे सायकली जातात. सबब धोरणाचा हेतू सफल झाला असून मार्गिकेची आवश्यकता उरलेली नाही. तसेच काही सायकलस्वार बँकेभोवती संशयास्पद घिरट्या घालताना आढळल्याने सकाळी सात ते सायंकाळी सहा या वेळेत येथे सायकलींना मनाई करण्यात येत आहे.”

तिने कागदाची घडी घातली.

“मी रोज जाते, मला दहासुद्धा दिसत नाहीत. दोनशे सायकली कुणाच्या?”

“तुझ्या भावाच्या,” मी म्हणालो. “मी नुसत्या मोजल्या.”

आता रोज सकाळी मी तिला स्कूटरवरून शाळेत सोडतो, त्याच रस्त्याने, त्याच ट्रकांमधून. ती मागे बसून वाटेतले ट्रक मोजते. धोरणाच्या वार्षिक अहवालात शहरातली एक सायकल कमी झाल्याची नोंद मीच केली आहे. ती आमच्या जिन्याखाली उभी असते.