ज्या लॅपटॉपात बाबांना सर्दी होत नाही

"एवढंच ना? मी घरीच करीन की!" हे वाक्य मला आजवर कधीच लाभलेलं नाही. नळाच्या बाबतीत ते मी एकदा उच्चारलं, तर खालच्या मजल्यावरच्या मंडळींना छत्र्या उघडून जेवावं लागलं. तरीही परवा फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ते माझ्या तोंडून निसटलंच.

त्याचं असं झालं. सासूबाई आता आमच्याकडेच असतात. त्यांचा वाढदिवस जवळ आला, म्हणून बायकोने माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी खाली काढल्या. आमची मुलगी लहान असताना मी हौसेने एक कॅमेरा घेतला होता. (घेतल्यावर तो घेऊन मी घरात असा वावरायचो, की पाहुणे दारातूनच "अंघोळ करून येतो" म्हणून परत जायचे.) स्टुडिओवाल्याने त्या कॅसेटींमधलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं आणि विचारलं, "काका, याची एक छोटीशी फिल्म करून देऊ? नको ते सगळं कापून टाकतो."

"त्यात काय? मी घरीच करीन की!"

"कशावर?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमचा घरचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा उकळतो आणि चहा पिऊन होईपर्यंत तो बंद पडतो. पण शब्द तर गेला होता.

"लॅपटॉप घेऊ," मी म्हणालो. "खास व्हिडिओ एडिटिंगचा."

रविवारी सकाळी आम्ही दुकानात गेलो. एका भिंतीला टीव्ही, दुसऱ्या भिंतीला वॉशिंग मशिन, मधोमध लॅपटॉप. मी 'व्हिडिओ एडिटिंग' म्हणताच टायवाला सेल्समन खुलला.

"वा सर! फोर-के का?"

"चौघं कुठले? सासूबाई धरून आम्ही तिघंच. मुलगी नोकरीसाठी परगावी असते."

"नाही सर, म्हणजे... बरं, कोअर किती हवेत?"

"एकच. पण कोराच हवा हं, वापरलेला चालणार नाही."

बायकोने मला कोपराने ढोसलं. पण मी सरकारी खिडकीमागे आयुष्य काढलेला कारकून आहे. समोरच्याचं बोलणं कळलं नाही हे चेहऱ्यावर दिसू न देणं, हेच तर आमचं खरं प्रशिक्षण.

"रेंडर फास्ट हवं असेल ना सर?"

"म्हणजे काय! रेंडरमध्ये तडजोड नाही."

त्याने एक काळा, जाडजूड लॅपटॉप पुढे सरकवला. त्याच्या बटणांखालून लाल-निळे दिवे लुकलुकत होते. "हे मशीन बघा सर. अक्षरशः उडतं!"

बायकोने ते दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. "उडत असेल हो, पण उचलवत नाहीये," ती म्हणाली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "यातलं काहीतरी लावून दाखवा. दुसऱ्याच्या बागेतली फुलं बघून आम्हाला काय कळणार?"

आपल्या मशीनची ताकद दाखवायला सेल्समनने लॅपटॉपला भिंतीवरचा सगळ्यात मोठा टीव्ही जोडला. आणि अख्ख्या दुकानासमोर, दारापेक्षा उंच असे, माझे कैलासवासी सासरे अवतरले.

सासरे शाळेत ड्रिल मास्तर होते. त्यांच्या एका हाकेवर सगळं मैदान डावीकडे वळायचं, शेजारच्या रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा दचकून वळायचे म्हणे. पण कॅमेरा समोर आला की या माणसाला कुलूप लागायचं. पडद्यावर ते आमच्या खिडकीजवळ ताठ उभे होते. हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर, श्वास बंद. पुढच्या तुकड्यात खुर्चीत बसलेले, पण तसेच ताठ. त्यापुढच्यात मांडीवर नात, तीही ताठ. आणि कॅमेऱ्यामागून माझा किरटा आवाज, "बाबा, बोला ना काहीतरी! बोला ना!"

बाबा ढिम्म.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "एकाही कॅसेटीत बाबांचा आवाज नसणार. आई परवा म्हणत होती, चेहरा डोळ्यांसमोर येतो गं, पण आवाज हल्ली नीट आठवत नाही."

तेवढ्यात पडद्यावरचं चित्र कलंडलं. छत दिसलं, सोफा दिसला, आणि शेवटी आडवी फरशी. माझा आवाज आला, "चला, केला बंद!" आणि माझी पावलं दूर गेली.

"सर, हा वेस्ट भाग," सेल्समन उत्साहात म्हणाला. "हे असं सिलेक्ट करायचं, आणि एका क्लिकमध्ये—"

"थांबा!" बायकोने त्याचं मनगटच धरलं.

फरशीवर टेबलाचा पाय होता आणि त्याच्या बाजूला दोन रुंद, अनवाणी पावलं. टीव्हीच्या स्पीकरमधून एक भारदस्त आवाज आला.

"गेला का तो?"

"गेलेत. चहा टाकायला गेलेत." हा सासूबाईंचा.

"हुश्श! ये गं चिमणे, आता मोकळं रान. साऽवधान!"

वॉशिंग मशिनजवळच्या एका लठ्ठ गृहस्थांनी पोट आत घेतलं आणि ते सरळ उभे राहिले.

"आजोबा, सावधान नको. विश्राम शिकवा."

"आधी सावधान, मग विश्राम."

"मग विश्रामच दोनदा घेऊ या."

आणि बाबा हसले. चांगले खो-खो हसले. जावई म्हणून इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसलो, मला ते हसणं कधी ऐकू आलं नव्हतं. (माझ्यासमोर ते फार तर मिशी हलवायचे.)

"आता डावीकडे वळ. डावीकडे गं! ते उजवं! थेट बापावर गेलीस बघ. तुझा बाबा माणूस सोन्यासारखा, पण डावं-उजवं म्हणशील तर आनंदीआनंद. लग्नाच्या फोटोत नवरी सोडून माझ्या मेहुण्याशेजारी जाऊन उभा राहिला. मी हाताला धरून आणला."

आता टीव्ही सोडून दुकान माझ्याकडे बघू लागलं. मी ओशाळून उजवीकडे सरकायला गेलो आणि डावीकडच्या मिक्सरच्या खोक्यांवर जाऊन आदळलो.

बायकोचं लक्षच नव्हतं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. सेल्समनचं मनगट मात्र तिने सोडलेलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "अहो, त्या कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून चालू दिसतोय."

फरशीवरच्या त्या पावलांच्या टाचा क्षणात एकमेकींना चिकटल्या. सावधान! मग अगदी खालच्या पट्टीत बाबा बोलले.

"त्याला सांगू नकोस हं. हौसेनं घेतलाय बिचाऱ्यानं. साधा बंदही करता येत नाही म्हटल्यावर वाईट वाटेल त्याला."

मग कपांचा किणकिणाट आणि माझा आवाज, "चहा तयार! अरे, सगळे गप्प का?"

चित्र संपलं. लठ्ठ गृहस्थांनी रुमालात मोठ्यांदा नाक शिंकरलं. मी खोकी रचू लागलो. खरं सांगायचं, तर खोक्यांच्या आड तोंड लपवायला बरं पडत होतं.

बायकोने सेल्समनचं मनगट सोडलं. "हा आवाज कुठल्या लॅपटॉपमधून सगळ्यात चांगला येतो?"

तो पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन एकेका लॅपटॉपकडे निघाला. त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे लठ्ठ गृहस्थ. दिव्यांच्या मशीनमध्ये "गेला का तो?" वाजलं.

"छे! बाबा बादलीत बसून बोलतायत."

दुसऱ्यात वाजलं.

"यात बाबांना सर्दी झालीय."

"वहिनी, त्या पांढऱ्यातले मास्तर जरा कडक वाटतात का बघा," लठ्ठ गृहस्थ म्हणाले.

शेवटी कोपऱ्यातला एक साधा करडा लॅपटॉप लागला. त्यातून "गेला का तो?" आलं, आणि बायकोने चटकन मागे वळून पाहिलं. मग तोच ठरला.

"मॅडम, खरं सांगतो," सेल्समन म्हणाला, "यावर एडिटिंग फार अडखळेल."

"अडखळू दे. कापायचंय कुणाला?"

वाढदिवसाला तो लॅपटॉप सासूबाईंच्या पलंगाशी स्टुलावर ठेवला. "गेला का तो?" आलं, आणि कॅसेटीतल्या सासूबाईंच्या आधी पलंगावरच्या सासूबाईंनीच उत्तर दिलं, "गेलेत." संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव गं." परत लावलं. मग पुन्हा.

अखेर त्यांनी डोळे पुसले, मला जवळ बसवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जावईबापू, फार सुंदर शूटिंग केलंत हो तुम्ही."

माझी छाती शर्टाच्या बटणांना जाऊन भिडली. त्या कॅमेऱ्याबद्दल कोणी चार शब्द बरे बोललं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"खरंच? कुठला भाग सगळ्यात आवडला तुम्हाला?"

"तुम्ही चहा टाकायला गेलात ना," सासूबाई म्हणाल्या, "तो."