कुंदाताईंची शिट्टी

आषाढ निम्मा सरला की आमच्या मरोळच्या सोसायटीत रोज संध्याकाळी पाचला शिट्टी वाजते. वॉचमनची नव्हे हो, पहिल्या मजल्यावरच्या कुंदाताईंची! कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होत्या. त्या रिटायर झाल्या, शिट्टी काही झाली नाही. ती फुंकून अख्ख्या बिल्डिंगच्या सुनांना खालच्या हॉलमध्ये गोळा करतात आणि मंगळागौरीचे खेळ शिकवतात.

"कंबर आहे की कपाट? हलव की गं!" हे त्यांचं लाडकं वाक्य. फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, सगळं येतं. चौसष्टाव्या वर्षी बाई बसफुगडी घालते, बोला! आणि गंमत म्हणजे त्यांची स्वतःची मंगळागौर कधी झालीच नाही. धाकट्या भावंडांचं करता करता लग्न राहून गेलं. कुणी विषय काढलाच तर म्हणतात, "कोचला कुठे बॅटिंग मिळते? चल, उभी राहा."

मंगळागौर पुजणाऱ्या मुलींनी दुपारी मुक्याने जेवायचं असतं. त्यावर लक्ष ठेवायला ताई स्वतः पंगतीत बसतात, आणि दरवर्षी मौन मोडतात त्या स्वतःच! पहिल्याच घासाला, "वरणात मीठ कुठाय?" मीठ असतं, पण यांच्या जिभेला कमी वाटतं. मुली फिस्सकन हसतात आणि मौनाची वाट लागते.

यंदा माझ्या सुनेची, पल्लवीची, पहिली मंगळागौर. मी तर नुसती उडत होते! पण एक गोष्ट सारखी टोचत होती. पूजेनंतर मुलीने वाण द्यायचं ते आपल्या आईला, आणि पल्लवीची आई लग्नाआधीच गेली. भरल्या घरात वाण पोरीच्या हातात तसंच राहिलं तर? मी विचारलं, "तुझ्या मावशीला बोलवू का गं?"

"नको, मी बघते ना," एवढंच म्हणाली.

मंगळवारी घर कसं झकास दिसत होतं! पाच नव्या नवऱ्या नऊवारीत, देवीपुढे पत्रीचा ढीग. आरती झाली. ताई स्वयंपाकघराच्या दारात पंगतीसाठी शिट्टी तोंडाला लावून उभ्या. पल्लवीने खण-नारळ उचलला, तडक त्यांच्याकडे गेली, हातात ठेवला आणि वाकली.

शिट्टी तोंडातून गळून पडली. "अगं वेडे, हे आईला द्यायचं! मी कुणाची आई नाही, सवाष्णही नाही."

"महिनाभर रोज मला कोण ओरडतंय?" पल्लवी म्हणाली. "आई गेल्यापासून एवढं हक्काने कुणी ओरडलंच नव्हतं मला."

मला तर रडूच फुटलं. डोळे पुसत पुसतच वाढलं.

पंगत बसली. ताई नारळ मांडीवर घेऊनच बसल्या. पहिला घास घेतला आणि पाचही मुलींची तोंडं वाकडी! सगळ्या ताईंकडे बघायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, गडबडीत वरणात मीठच घातलं नव्हतं!

आता ओरडतील, मग ओरडतील. ताई खाली मान घालून जेवत होत्या. मी मिठाची वाटी घेऊन धावले, तर त्यांनी मान न उचलता हातानेच नको म्हटलं. आणि वरणाची वाटी पुढे केली, आणखी वाढ म्हणून.