बाबांच्या रेडिओवरचं टिंब

आमच्या भंगाररावांनी आयुष्यात मोठा निर्णय असा कधी घेतलाच नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बावीस वर्षं एकाच टेबलाला चिकटलेला माणूस, निर्णय घेणार तरी कशाचा? पण त्या रविवारी सकाळी त्यांनी एक बारकासा निर्णय घेतला. सतरा रेडिओ पुसतोच आहोत, तर अठरावाही पुसून टाकू. आणि तिथंच माशी शिंकली.

(भंगारराव हे नाव बायकोनं ठेवलेलं. खरं नाव आता फक्त ऑफिसच्या हजेरीपटावर उरलंय.)

सतरा रेडिओ संस्थेचे होते. संस्था म्हणजे आठ-दहा हौशी मंडळी. बंद पडलेल्या शाळा, गुंडाळलेली ऑफिसं इथले जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, ढब्बू कॉम्प्युटर भंगारात जायच्या आत उचलायचे, दुरुस्त करायचे आणि गरजूंना फुकट द्यायचे. संस्थेच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त मेकॅनिकबाई. त्यांचा एकच नियम होता, पण कडक: जुन्या मालकाची एकही खूण वस्तूवर राहता कामा नये. हा नियम पाळण्यात भंगाररावांचा हात धरणारा कुणी नव्हता. रेडिओ लख्ख करून पाठवताना ते "दिल्या घरी सुखी राहा" म्हणत आणि डोळे टिपत. (बायको माहेरी जाताना हे डोळे एकदाही ओलावले नाहीत, हे तिनं बोलून दाखवलंय.)

अठरावा रेडिओ बाबांचा, म्हणजे भंगाररावांच्या वडिलांचा. बाबांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली आणि आई तीन वर्षांपूर्वी. उरला तो हा रेडिओ. बाबा अजून झोपलेले होते. भंगाररावांनी तो हळूच उचलला, स्पिरिटनं पुसला, जाळीतली धूळ ब्रशनं काढली. मोठ्या बटणाच्या कडेला कसलासा लाल खडा चिकटला होता. तो काही केल्या निघेना. मग त्यांनी ब्लेड घेतलं.

"बघा बाबा, नवाकोरा केलाय!" बाबा उठल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं रेडिओ त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांचं बोट बटणावर फिरलं. पुन्हा फिरलं. मग उलटं फिरलं.

"टिंब कुठाय?"

"कसलं टिंब?"

"तुझ्या आईनं लावलेलं. नेलपॉलिशचं."

भंगाररावांच्या पायाखालची जमीन सरकली. बाबांचे डोळे गेले त्या आठवड्यात आईनं बटणावर नेलपॉलिशचा थेंब वाळवून ठेवला होता. थेंब वर आला की सकाळच्या बातम्या लागत. ते टिंब आता कचऱ्याच्या डब्यात, सतरा रेडिओंच्या धुळीत मिसळलं होतं.

"मी लावून देतो ना स्टेशन! हे बघा, लागलं!"

"स्टेशन नकोय मला," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सोमवारीही नाही. मंगळवारी डॉक्टर आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "या वयात असं चार दिवस चाललं तर माझ्या हातात काही नाही." बायकोनं रेडिओ उचलून नवऱ्यापुढे ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

भंगाररावांनी मेकॅनिकबाईंना फोन लावला. "खूण परत कशी बसवायची?"

"तीस वर्षांत असं कुणी विचारलं नाही हो," बाई म्हणाल्या.

मग भंगाररावांनी स्वतःच घाट घातला. बायकोचं नेलपॉलिश घेतलं, थेंब टाकला, पंख्याखाली वाळवला आणि साळसूदपणे म्हणाले, "बाबा, टिंब सापडलं! तिथंच होतं!"

बाबांनी बोट टेकवलं. "हे तिचं नाही. तिच्या टिंबाला शेंडी होती. तिचा हात थरथरायचा."

भंगाररावांनी दुसरं केलं, शेंडीसकट. "ही शेंडी उजवीकडे आहे," बाबा म्हणाले. तिसरं वाळायच्या आत दाखवलं, तर बाबांचं बोटच लाल झालं. चौथं बाबांनी नीट चाचपलंही नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि पांघरुणात घातला. भंगारराव स्वयंपाकघरात जाऊन रडले. आपण बापाला मारतोय, तेही स्पिरिट आणि फडक्यानं, असं त्यांना खरंच वाटलं.

बुधवारी बायको भाताची पेज घेऊन बाबांपाशी बसली. पेजेचं नावही तिनं काढलं नाही.

"बाबा, आईंनी ते टिंब लावलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

बाबा भिंतीकडची कूस बदलून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "चिडलो होतो. म्हटलं, मी आंधळा आहे, बावळट नाही. ती म्हणाली, दोन्ही आहात. भांडलो आम्ही. सबंध दुपार."

"मग?"

"मग तिनंच बातम्या लावल्या. थेंब ओला होता अजून." तीन वर्षांत बाबा पहिल्यांदा रडले. बायकोनं त्यांना रडू दिलं, मग चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं.

अर्धी वाटी पेज गेल्यावर तिनं नेलपॉलिशची बाटली त्यांच्या हातात दिली. "आता तुम्हीच लावा." बाबांनी चाचपडत थेंब टाकला. निम्मा बटणावर, निम्मा चादरीवर.

"तिचं गेलं," बाबा म्हणाले. "हे माझं."

दाराशी उभ्या भंगाररावांचा जीव भांड्यात पडला. ते डोळे पुसत पुढे आले. "बाबा, चुकलो. आता मी काय करू, सांगा. काहीही सांगा."

बाबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण बोलले सुनेशी.

"पोरी, मी गेल्यावर माझी शेवटची आंघोळ याला घालू देऊ नकोस. घासून घासून असा पुसेल, की वर तुझी सासू मला ओळखणार नाही."

भंगारराव हसले. बाबा चेष्टा करताहेत म्हणजे बरे झाले, असं त्यांना वाटलं. पण बाबा हसत नव्हते.

आणि बायको, एका क्षणाचाही विचार न करता, म्हणाली, "हातसुद्धा लावू देणार नाही, बाबा."