तरण्या भावात म्हातारी कोंबडी

सन अडतीसच्या कार्तिकात मी ठरवलं, सासऱ्यांसाठी कोंबडी मी स्वतः पारखून आणायची. माझी बायको सुभद्रा पोळ्यापासून माहेरी, कामठ्याला जाऊन बसली होती. तिची तक्रार एकच: मीठ किती, फोडणी कधी, केर कुठून काढायचा, सगळं मीच सांगतो. (सांगतो, कारण मला कळतं.) आता सासरे उमरावजी तिला घेऊन येणार, एक दिवस राहणार आणि माझं वागणं पटलं तरच तिला ठेवून जाणार होते.

कोंबडीचं ज्ञान मी स्टेशनच्या वेटिंगरूममधल्या एका इंग्रजी मासिकातून मिळवलं होतं. तरणीचे पाय गुळगुळीत, म्हातारीचे खरखरीत. तरणीच्या छातीच्या हाडाचं टोक दाबलं की लवतं. आमच्या विडी कारखान्यातल्या एकाही कारकुनाला हे ठाऊक नव्हतं. त्यांना काहीच ठाऊक नसतं.

बाजारात मुर्री गावची धुरपताबाई दोन कोंबड्या घेऊन बसली होती.

"हे ओंदाची हाये, बाबू, तरनी. हे न्या," ती म्हणाली. "ते दुसरी बुढी हाये. पाच वर्साची. सस्त्यात देऊन राहिलो."

मी मनात हसलो. स्वतःच्या मालाला कोणी नावं ठेवतं का? म्हणजे ही बाई चांगली कोंबडी ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी राखत होती. पहिलीचे पाय गुळगुळीत होते खरे, पण तेल चोळलं की कोणाचेही होतात. दुसरीच्या छातीचं हाड मी जोरात दाबलं. हाड वाकलं की माझा अंगठा, ते नक्की सांगता येणार नाही, पण काहीतरी वाकलं.

"हीच द्या."

"अजी, ते शिजनार नाई."

"तरणीचा भाव देतो."

"काऊन? बुढी हाये म्हनतो ना मी."

अडाणी बाई शेवटपर्यंत खोटं रेटत होती. मी तिच्या हातात तरणीचे पैसे कोंबले आणि कोंबडी घेऊन निघालो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. माझी हुशारी पाहून थक्क झाली असणार.

सासरे सुभद्रेला घेऊन आले. तिनं दुपारी हंडी चढवली. दिवेलागणीपर्यंत रस्सा आटून दोनदा पाणी घातलं, तरी कोंबडी जशीच्या तशी. सासऱ्यांनी तुकडा दातांत धरून दोन्ही हातांनी ओढला आणि शेवटी ताटाच्या कडेला ठेवला.

"जावईबापू, हे कोनं पारखली?"

इथं गप्प बसायला हवं होतं. मी पाय, तेल, हाड आणि धुरपताबाईचा कावा असं सगळं सविस्तर समजावलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि हात धुतले.

"सुभद्रे, गठुडं बांध."

दोन महिने मी स्वतःच्या हातचा करपलेला भात खाल्ला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्याविना घर खायला उठत होतं.

"नाई बाबा, मी येत नाई," सुभद्रा म्हणाली. "ते बाई खरं सांगून राहिली होती, तरी हे फसले. खोटं बोलनारी भेटली तं घर इकून येतीन."

सासऱ्यांना ते तत्काळ पटलं. माझं कोणतंच म्हणणं त्यांना कधी इतक्या लवकर पटलं नव्हतं.

"मंग बाजाराले तूच जात जाय," ते म्हणाले. "याहिले पिशवी तं धरता येते ना?"

सुभद्रेनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिकवतो," ती म्हणाली.