दीड परसाची मोहीम

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख वद्य द्वितीया, मंदवासर. ते दिवशी मौजे निर्मळ, प्रांत वसई, येथे जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत ज्याने पाहिली त्याने वाढवून सांगितली, आणि ज्याने ऐकली त्याने त्याहून वाढविली. सबब गाळ काढोन खरे तेवढे येथे लिहिले असे.

राजश्री काशिनाथराव, केळीचे व सोनचाफ्याचे वाडीचे खावंद. त्यांचे वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे जुने तळे. अर्धे त्यांचे, अर्धे शेजारी एडवर्ड यांचे. बोअरचे पाणी खारे, म्हणोन दोन्ही वाड्या या तळ्याचे जिवावर. आणि वर्षानुवर्षे गाळ साचोन तळे परातीसारखे उथळ जाहले, आणि पावसाआधी गाळ न निघता तर येत्या उन्हाळ्यात चाफा वाळोन जाता. मग रावसाहेबांनी भाड्याचे पोकलेन न बोलाविता खुद्द मालकीचा लहान ट्रॅक्टर खरीदला. त्याचे पाठीस खणावयाचा लोखंडी हात, वर वाकडा उचललेला, ऐसा की गावाने पाहताक्षणी त्यास 'विंचू' हा किताब बहाल केला.

रावसाहेबांच्या अर्धांगी सरलाबाई यांनी हुजुरात अर्ज गुदरला की, चार दिवसांच्या कामास जन्माचा हत्ती कशास पोसावा? त्यास हुकूम जाहला की, भाड्याचे यंत्र घड्याळाकडे पाहोन खणते, आपले यंत्र जमिनीकडे पाहोन.

मग विंचू तळ्यात उतरला आणि दोन दिवस झुंजला, आणि एडवर्ड यांनी बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकोन छावणी केली.

"काशिनाथ, अरे खणतोयस की खाजवतोयस?"

"तुझ्या अर्ध्यात आलो की बघ!"

"तोवर मी पेन्शनीतून पण रिटायर होईन!"

तिसरे दिवशी, म्हणजे उपरोक्त मंदवासरी, प्रातःकाळी विंचवाचा तेलाचा पाइप फुटला आणि नांगी जागीच लुळी पडली. रावसाहेबांची स्वारी स्कूटरवर नवा पाइप आणावयास विरारेस रवाना जाहली, आणि इकडे सरलाबाईंनी पुतणे जितेश, मुक्काम विरार, सातवा मजला, यांस फोन केला. जितेशराव शनिवारची सुटी मोडोन धावले, आणि सोबत तासावर ठरविलेले पोकलेन, हत्तीएवढे, पिवळेजर्द, ट्रेलरवर चढवोन आणिले.

रावसाहेबांस ही खबर पाइपच्या दुकानात पोचली. मन खट्टू जाहले, परंतु चाफा आठवोन त्यांनी राग गिळला आणि जितेशरावांस फोनवरोनच फर्मान सोडिले:

"खणायचं तर खण. पण परस सांभाळ, दीडाच्या पुढे जाऊ नकोस!"

येथे घात जाहला. परस म्हणजे पुरुषभर खोली, विहिरी मोजावयाचे जुने माप. या मुलखात समुद्र जवळ. गोडे पाणी हलके, ते वर राहते, आणि खारे जड, ते खाली दबा धरोन बसते. दोहोंमध्ये काळ्या चिकणमातीचा तट. तो तट दीड परसाखाली, हे वाडीतील जाणत्यांस ठाऊक. परंतु जितेशराव फ्लॅटात वाढलेले. त्यांचे लेखी परस म्हणजे घरामागील परसदार, आणि दीड म्हणजे दुपारचा दीड. त्यांनी परसातील मोगऱ्याभोवती दोरी बांधोन बंदोबस्त केला, मोबाइलात गजर लाविला आणि पोकलेनवाल्यास बेलाशक खोल जाण्याचा परवाना दिला.

मग पोकलेनने एके कोपऱ्यात तीन परस खोल घाव घातला, आणि तळातून पाणी उसळले, आणि एकच जल्लोष जाहला, आणि जितेशरावांनी कारंज्यासमोर आपली तसबीर काढिली. सरलाबाईंनी ओंजळभर पाणी तोंडी लाविले आणि तत्क्षणी थुंकिले. पाणी खारे.

इतक्यात गजर वाजला आणि पोकलेन पुढील भाड्यावर निघोन गेले. पाठोपाठ रावसाहेब दाखल.

"पोकलेन कुठंय?"

"गेलं, काका. दीडला बरोब्बर थांबवलं. तुम्हीच म्हणालात ना!"

"आणि परस?"

"परसाला धक्का नाही! मोगऱ्याचं पान हललं नाही."

रावसाहेबांनी गाळाचे ढिगावर चढोन तळ्यात पाहिले. खारे पाणी घटकेघटकेस वर चढत होते, आणि आजोबांनी कावड भरली ते तळे डोळ्यांदेखत नासत होते. खुर्चीतच डोळा लागलेले एडवर्ड ही वार्ता ऐकोन जागे जाहले आणि तीन दिवसांत प्रथमच खुर्ची सोडोन उठले.

"अर्धं माझं पण आहे, काशिनाथ. बोल, माती किती पाहिजे?"

मग नवा पाइप बसला आणि विंचू उठला. एडवर्ड यांनी आपले वाडीतील काळी चिकणमाती दिली. विंचवाचा पंजा घमेल्याएवढा, म्हणोन माती थराथराने घालोन ठोकता आली. जितेशरावांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडोन अनवाणी ती तुडविली, आणि दिवस मावळता घाव बुजला. दोन पंपांनी खारे पाणी नाल्यात हाकलोन दिले. पुढे आठ दिवस विंचवाने गाळ ओरबाडला. परसाचे मापास एडवर्ड खुद्द खड्ड्यात उभे.

"काशिनाथ, गाळ खाजव, माझं टक्कल नको!"

नववे दिवशी नितळ पाणी भरले, परंतु जिभेच्या साक्षीवर कोणी विसंबेना. तेव्हा एडवर्ड यांच्या पत्नी मेरीबाई यांनी त्या पाण्यात तूरडाळ शिजत घातली, कारण खाऱ्या पाण्यात डाळ दगडासारखी राहते, हे दोन्ही घरांस मान्य. रावसाहेब चुलीपुढे हात जोडोन उभे, जितेशराव मान खाली घालोन उभे. मेरीबाईंनी पळीवर दाणा घेतला, चिमटीत दाबला, आणि दोन्ही बोटे एकमेकांस टेकली.

उभयपक्षी लेख लिहिला तो ऐसा: गाळ निघाला, तट शाबूत, पाणी गोडे, मौजे निर्मळ येथे काशिनाथरावांची डाळ शिजली.